जुन्या ॲल्युमिनियम बोटीचं आतलं काम: प्लाय, पत्रा की पीव्हीसी बोर्ड?

बोट घेऊन झाली, १४ फुटी, रिव्हेटवाली (पत्रे धातूच्या खिळ्यांनी ठोकून जोडलेली), आतली फळी कुजलेली, कारपेटला माशाचा जुना वास, आणि आता प्रश्न एकच की आत नवीन काय बसवायचं. बडोद्यात २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर आपल्यातल्या बऱ्याच जणांना बोटीत रस वाटायला लागलाय, कोणी भंगारातून उचलतो, कोणी लिलावातून, आणि ज्याला मासेमारीची आवड आहे तो तर आधीपासूनच शोधात असतो. सगळे विचारतात तेच, प्लाय टाकू का पत्रा. माझं मत आधीच सांगून टाकतो: बोट बरीच वर्षं ठेवायची असेल तर ३ मिमीचा ॲल्युमिनियम पत्रा, स्क्रूने बसवलेला, कधीही काढता येईल असा. पण तुमचं पाणी कुठलं, बजेट किती आणि बोट उघड्यावर राहते की शेडमध्ये यावर हे उत्तर बदलू शकतं, म्हणून तिन्ही पर्याय शेजारी शेजारी ठेवून बघू.

त्याआधी एक काम, आणि हे न करता फरशी बसवलीत तर वर काय घातलं याला काही अर्थ नाही. आतलं सगळं काढा, बोट ट्रेलरवर नाहीतर लाकडाच्या ठोकळ्यांवर नीट टेकवा आणि आत पाणी भरा, चार-पाच इंच, त्याहून जास्त नको कारण पाण्याचं वजन खूप होतं आणि खालचा पत्रा वाकू शकतो. मग खाली आडवं होऊन बघायचं. ज्या रिव्हेटमधून पाणी येतं तिथे आधी डोक्याच्या कडेला एक ओली रिंग दिसते, मग थेंब धरतो, मग तो थेंब पत्र्यावरून सरकत दुसऱ्याच रिव्हेटपाशी जाऊन पडतो, त्यामुळे थेंब पडला तिथे नाही, रिंग दिसली तिथे मार्करने खूण करा. हे घरच्या अंगणातच करा, बडोद्याच्या विश्वामित्री नदीत टेस्ट करायला जायचा विचारसुद्धा नको, मगरी आहेत. ढिल्या रिव्हेट आतून जड लोखंड लावून बाहेरून ठोकून परत घट्ट होतात, झिजलेल्या बदलायच्या, आणि पाण्याखालच्या भागात साधे पॉप रिव्हेट लावू नका, त्यांच्या मधल्या भोकातूनच पाणी येतं. भरीव रिव्हेट नाहीतर बंद टोकाचे रिव्हेट, सोबत पॉलियुरेथेन सीलंट. साफसफाईला लोखंडी तारेचा ब्रश वापरू नका, लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि तिथूनच गंज सुरू होतो, नायलॉन किंवा स्टेनलेसचा ब्रश घ्या. आणि कॉस्टिक सोडा अजिबात नको, तो ॲल्युमिनियम खातो.

आता प्लाय. स्वस्त आहे, कुठल्याही सुताराला कापता येतो, पायाला गरम लागत नाही, आवाज कमी करतो, आणि लाकूड असल्यामुळे स्वतः तरंगतो. दुकानात गेलात की आयएस ७१० (भारतीय मानकाचा नंबर) लिहिलेला मागा, तोच मरीन ग्रेड, आयएस ३०३ हा साध्या कामाचा, मग दुकानदार त्याला वॉटरप्रूफ म्हणो की काही म्हणो. पुरानंतर ज्यांनी घरातलं फर्निचर बाहेर काढलं त्यांना हा फरक समजावून सांगायला नको. आमच्याकडे साध्या बोर्डाची कपाटं खालून फुगून पानांसारखी सुटली होती आणि बाजूलाच मरीन प्लायचा ओटा नुसता पुसून परत वापरात आला. पण ओट्यावर पाणी काही दिवस होतं, बोटीत ते सतत असणार, आणि मरीन प्लायमध्ये गोंद पाण्याला टिकतो, लाकूड कायम ओलं राहिलं तर कुजायचं ते कुजतंच. म्हणून प्लाय टाकायचाच तर सगळ्या बाजूंनी इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचं, पाणी अडवणारं रेझिन), कापलेल्या कडांना दोन-तीन हात जास्त, आणि प्रत्येक स्क्रूचं भोक पाडल्यावर त्या भोकाच्या आतूनही इपॉक्सी. हे शेवटचं कोणी करत नाही आणि प्लाय तिथूनच जातो.

प्लायची खरी अडचण वेगळीच आहे. मरीन प्लायला कीड आणि बुरशी लागू नये म्हणून औषध दिलेलं असतं आणि त्या औषधात बऱ्याचदा तांबं असतं. तांबं आणि ॲल्युमिनियम ओल्यात एकमेकांना चिकटले की ॲल्युमिनियम झिजतं, टाचणीएवढे खड्डे पडतात आणि एक दिवस आरपार होतात. कुठलं औषध आहे ते विचारा, दुकानदाराला माहीत नसेल तर कंपनीच्या कागदावर असतं, आणि तरीही प्लाय कुठेही थेट बोटीच्या अंगाला टेकणार नाही असं बघा, मध्ये रबराची नाहीतर प्लास्टिकची पट्टी. पितळातही तांबं असतं, त्यामुळे पितळी स्क्रूही नकोत. हार्डवेअरवाला हमखास म्हणेल की पितळ घ्या, गंजत नाही, बरोबर आहे त्याचं, पितळ गंजणार नाही, त्याच्याखालचा पत्रा जाईल.

ॲल्युमिनियम पत्रा बघू. बोटीचं अंग आणि फरशी एकाच धातूची असली की वरचं अर्धं दुखणं संपतं, कुजणं नाही, फुगणं नाही, तांब्याची भीती नाही. वजनाचा गैरसमज मात्र खूप आहे, लोकांना वाटतं पत्रा म्हणजे जड. हिशोब करा: ८ बाय ४ चा ३ मिमी ॲल्युमिनियम पत्रा साधारण २४ किलो, आणि तेवढाच १२ मिमी मरीन प्लाय कोरडा असताना तेवढा किंवा थोडा जास्तच भरतो, वर इपॉक्सी, आणि पाणी प्यायला की अजून. बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) कापून, वाकवून देणारे मिळतात, फक्त ग्रेड सांगून घ्या, ५०५२ मागा. चेकर प्लेट म्हणून जी सर्रास मिळते ती पुष्कळदा नरम ग्रेडची असते, पायऱ्यांना आणि टेम्पोच्या पाट्याला ठीक आहे, बोटीला ५०५२ बरा, ओल्यात टिकतो आणि ताकदही जास्त. खालच्या आडव्या पट्ट्यांमधलं अंतर फुटापेक्षा जास्त असेल तर मध्ये २५ मिमीचा ॲल्युमिनियमचा अँगल द्या, नाहीतर पाय टाकला की पत्रा टणकन वाजतो आणि मासे तेवढ्यावर पांगतात.

तोटे खरे आहेत. पैसे सगळ्यात जास्त लागतात (किलोवर मिळतो, उद्या काढलात तर किलोवर विकताही येतो हे मात्र लक्षात ठेवा). मे महिन्यात बडोद्याच्या उन्हात उघडा पत्रा अनवाणी पायाला लागला तर उडी मारावी लागेल. आणि तो तरंगत नाही, त्याबद्दल खाली फोमच्या भागात लिहितो कारण ते महत्त्वाचं आहे.

तिसरा, पीव्हीसी फोम बोर्ड, मॉड्युलर किचनमुळे सगळीकडे मिळायला लागलाय. पाणी पीत नाही, हलका, ८ बाय ४ चा १२ मिमी २० किलोच्या आसपास. ऐकायला छान वाटतं पण फरशीला मी तो सुचवणार नाही. स्क्रू नीट धरत नाही, उन्हात नरम पडून दोन पट्ट्यांच्या मध्ये लोंबतो, आणि काही वर्षं ऊन खाल्लं की पिवळा पडून कडांना तडकतो. बोर्ड वाया नाही, बाकाखालच्या खणांना, गळ-दोरीचं सामान (टॅकल) ठेवायच्या डब्याला, बॅटरीच्या पार्टिशनला उत्तम. जिथे माणूस उभा राहणार तिथे नको. मागची मोटर लावायची फळी, ट्रान्सम, तिथे तर अजिबात नको, क्लॅम्प आवळला की बोर्ड चेपतो. ट्रान्समला मी स्वतः मरीन प्लायच घेईन, दोन थर इपॉक्सीने चिकटवून, तांब्याचं औषध नसलेला.

आता फोम, म्हणजे बोट पाण्याने भरली तरी बुडू नये म्हणून आत बसवायचा हलका पदार्थ, आणि माझ्या मते सगळ्या कामात हाच सगळ्यात मोठा निर्णय आहे, फरशीपेक्षा मोठा, पण लोक यावर पाच मिनिटंही घालवत नाहीत. ॲल्युमिनियम पाण्यापेक्षा २.७ पट जड, म्हणजे पूर्ण बुडालं की त्याचं वजन सुमारे ३७ टक्क्यांनी कमी होतं, बाकीचं ६३ टक्के खाली ओढतंच. १०० किलोची बोट पाण्याने भरली तर ६३ किलो धरून ठेवायला काहीतरी हवं, त्यात मोटर, बॅटरी, आणि बाजूला धरून लटकलेली माणसं. एक लिटर चांगला फोम जवळजवळ एक किलो उचलतो, त्यावरून आपला आकडा काढा आणि वर भरपूर ठेवा. पत्र्याची फरशी केलीत तर तिच्यासाठी अजून थोडा, प्लायला तेवढा लागत नाही.

पर्याय तीन दिसतात. पांढरा थर्माकोल स्वस्त आहे पण दाण्यांच्या मधून हळूहळू पाणी धरतो, तुटतो, आणि पेट्रोल सांडलं की विरघळतो. एक्सपीएस, म्हणजे छतावर उष्णता अडवायला घालतात त्या रंगीत कडक शीट, पाणी फारसं धरत नाही, ब्लेडने कापता येते, काढून बघता येते, पेट्रोलपासून मात्र तिलाही जपावं लागतं. आणि ओतायचा पीयू (पॉलियुरेथेन) फोम, दोन द्रव मिसळले की फुगून सगळी जागा भरतो, पेट्रोलला घाबरत नाही, बोट कडक करतो. पीयूचं कौतुक खूप ऐकाल. पण तो पत्र्याला चिकटून बसतो, खाली शिरलेलं पाणी तिथेच अडकतं, वर्षानुवर्षं ओला पत्रा आतून झिजत राहतो आणि कुठली रिव्हेट गळतेय हे बघायला फोम खरवडून काढण्याशिवाय मार्ग नसतो. जुन्या बोटीत गळती आज ना उद्या परत होणार हे धरूनच चाललं पाहिजे, म्हणून मी एक्सपीएस घेईन, तळाला चिकटवून नाही, मधून पाणी मागच्या ड्रेन प्लगपर्यंत (पाणी बाहेर सोडायच्या बुचापर्यंत) वाहत जाईल अशी वाट सोडून.

आणि सगळा फोम फरशीखाली कोंबू नका. पाणी भरल्यावर खालची बाजू वर यायला बघते आणि बोट उलटी होते. निम्मा तरी दोन्ही बाजूंना वरच्या काठाजवळ आणि बाकांमध्ये हवा, तेव्हा ती पाण्याने भरूनही सरळ राहते.

यावरून बाकांचं. बऱ्याच जणांना मधलं बाक काढून पुढे उंच डेक करायची हौस असते, उभं राहून गळ टाकायला मजा येते हे मान्य. पण मधलं बाक नुसतं बसायला नसतं, ते दोन्ही बाजू ताणून धरतं, ते काढलंत तर बोटीचं अंग पिळायला लागतं, आणि डेकवर उभा राहिलेला माणूस म्हणजे सगळं वजन वर गेलं. १८ जानेवारी २०२४ ला आपल्याच हरणीच्या तलावात बोट उलटून १२ मुलं आणि २ शिक्षिका बुडून गेल्या, बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि सगळ्यांना लाइफ जॅकेट नव्हतं. त्यानंतर बडोद्यात बोटीचं काम करताना कोणी वजनाचा हिशोब टाळू नये असं मला मनापासून वाटतं. डेक हवाच तर बाकाच्या उंचीचाच करा, त्याच्यावर नको, आणि मधलं बाक राहू द्या. कामाच्या खर्चात माणशी एक जॅकेट धरा, आधी ते घ्या मग पत्रा.

पाणी कुठलं हे मी वर म्हटलं होतं. धरणाच्या गोड्या पाण्यात बोट चालवणार असाल तर स्टेनलेसचे स्क्रू चालतात, फक्त नायलॉनचा वॉशर घाला. महीच्या किंवा नर्मदेच्या खालच्या अंगाला जाणार असाल तर तिथे खंभातच्या आखाताची भरती वर येते, खाऱ्या पाण्यात स्टेनलेस आणि ॲल्युमिनियमचं पटत नाही, तिथे शक्य तेवढे ॲल्युमिनियमचेच रिव्हेट, आणि प्लायचा विचार सोडा. आणि धरणावर मासेमारी ठेक्यावर असते, परवानगी आधी विचारून घ्या, बोट तयार झाल्यावर नाही.

वरच्या थराबद्दल थोडक्यात. कारपेट नको, आपल्या पावसाळ्यात वाळत नाही, गळ अडकतो, आणि खालचा प्लाय ओला ठेवतो. इव्हीए फोमची मॅट पायाला सगळ्यात चांगली, आवाजही दाबते, पण फिक्या रंगाची घ्या, काळी तापते आणि कडा आखडून सुटतात. सगळ्यात कमी खर्चात हवं असेल तर पत्रा घासून, ॲल्युमिनियमला चालणारा इपॉक्सी प्रायमर आणि वर बारीक वाळू मिसळलेला फिका रंग, एवढ्यात काम भागतं, खराब झाला की परत मारायचा. बजेट अगदीच कमी असेल आणि बोट दोन-तीन मोसमच वापरायची असेल तर मात्र इपॉक्सी केलेला प्लाय टाका, स्क्रूने, आणि दर पावसाळ्यानंतर उचलून खाली बघत जा.