डेमो एका सेटचा आणि खोक्यात दुसराच सेट : साउंड सिस्टीम घेताना आमची झालेली फसवणूक

मंडळी, जरा मोठं लिहितोय, पण ज्यांचं भजनी मंडळ आहे, भावगीतांचा ग्रुप आहे किंवा छोटा ऑर्केस्ट्रा आहे आणि जे स्वतःचा साउंड घ्यायच्या विचारात आहेत त्यांनी प्लीज शेवटपर्यंत वाचा. आमचे एक लाख बारा हजार यात गेले, त्यातले चाळीसच हजार परत आलेत, आणि तो पैसा कुणा एकाचा नव्हता. आमचा सांगलीकडचा अभंग-भक्तिगीतांचा ग्रुप आहे, सगळ्यांनी कार्यक्रमांच्या मानधनातून थोडं थोडं बाजूला काढलेलं, त्यात दोन काकूंनी तर स्वतःच्या भिशीचे पैसे घातलेत. म्हणून जीव जास्त जळतो.

आमची गरज साधी होती. देवळाचा सभामंडप किंवा सोसायटीचा हॉल, समोर दीडदोनशे माणूस, गायला दोघं, पेटी, तबला, पखवाज, टाळ. भाड्याचा साउंडवाला लग्नसराईत मिळत नाही आणि मिळाला तर डीजेचे टॉप घेऊन येतो, ज्यात अभंगाचे शब्दच कळत नाहीत. म्हणून दोन बारा इंची अ‍ॅक्टिव्ह स्पीकर (ज्यात अ‍ॅम्प्लिफायर आतच असतो), स्टँड, आठ चॅनेलचा मिक्सर, चार माइक आणि केबल, सगळं मारुती इको गाडीच्या मागच्या भागात मावेल एवढं घ्यायचं ठरलं.

पुण्यातल्या एका दुकानात गेलो. नाव लिहीत नाही कारण केस चालू आहे. तिथे आतल्या खोलीत सेट लावूनच ठेवलेला, आमच्या ताईंनी त्यावर अख्खा अभंग म्हटला, मी तबल्याला माइक लावून वाजवला, डग्ग्याची घुमक अगदी स्वच्छ येत होती, शिट्टी नाही की घरघर नाही. आम्ही म्हटलं हाच सेट द्या. तर दुकानदार म्हणाला, "ताई, हा डेमो पीस आहे, दहा जणांनी हाताळलेला, तुम्हाला सीलपॅक देतो की." खोकी आणली, वर कंपनीचं नाव, बारकोड, टेप सगळं व्यवस्थित. आम्ही तिथंच उघडून लावून दाखवा म्हटलं तर म्हणे सील फुटलं की वॉरंटी जाते, घरी उघडताना व्हिडिओ काढा म्हणजे झालं. हे साफ खोटं आहे हे लक्षात ठेवा. गिऱ्हाइकासमोर खोकं उघडलं म्हणून वॉरंटी जात नसते. बिलही मागितलं, दिलं त्याने, १८ टक्के जीएसटी लावून. पण बिलावर लिहिलं काय तर "साउंड सिस्टीम सेट, १ नग". मॉडेल नंबर टाका म्हटलं तर म्हणे कॉम्प्युटरमध्ये एवढीच एंट्री येते, सिरीयल नंबर वॉरंटी कार्डावर आहेच.

कोजागिरीला पहिला कार्यक्रम होता. ताईंचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, डग्गा तर गायबच, फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) जरा वर नेला की शिट्टी, आणि हॉलचे दिवे डिम केले की स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज. आधी वाटलं सेटिंग चुकतंय. इक्यू (जाड-बारीक आवाजाचं सेटिंग) बदलून बघितला, माइक बदलले, स्पीकर पुढे घेतले, काही फरक नाही. तिसऱ्या अभंगाला डाव्या स्पीकरमधून जळका वास आला आणि तो बंद पडला. उरलेला कार्यक्रम एका स्पीकरवर रेटला.

दुसऱ्या दिवशी गावातल्या टीव्ही-अ‍ॅम्प्लिफायर रिपेअर करणाऱ्या दादांकडे नेला, त्यांनी मागचं पॅनेल खोललं आणि काही न बोलता मलाच आत बघायला सांगितलं. बाहेर छापलंय १५०० वॅट. आत छोटासा ट्रान्सफॉर्मर आणि बोर्डवर एकच आयसी (अ‍ॅम्प्लिफायरची चिप), टीडीए ७२९४. हा आयसी वाईट नाही, हौशी लोक त्याचे अ‍ॅम्प बनवतात, पण तो जास्तीत जास्त १०० वॅटचा आहे, तो १५०० देणार कुठून? वरच्या हॉर्नच्या (बारीक आवाजाच्या भोंग्याच्या) मागे लोहचुंबकवाला जड कॉम्प्रेशन ड्रायव्हर हवा, तिथे नाण्याएवढी पिएझोची (स्वस्त बझरमध्ये असते तशी) चकती चिकटवलेली. आवाज पत्र्यासारखा का येत होता ते तिथेच कळलं. वूफर बारा इंची खरा पण मागचं मॅग्नेट एवढंसं. उचलूनच बघा, चांगला बारा इंची लाकडी खोक्याचा अ‍ॅक्टिव्ह स्पीकर एका हाताने सहज उचलला जात नाही, आमचा मी एका हाताने गाडीत टाकत होतो.

वॅटबद्दल एक सांगतो कारण फसवणूक इथूनच सुरू होते. पॅनेलवरचा मोठा आकडा पीएमपीओ किंवा पीक, म्हणजे क्षणभराचा, असतो, आरएमएस, म्हणजे सतत मिळणारे वॅट, किती ते विचारायचं. आणि वॅट दुप्पट झाले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, दुप्पट मोठा होत नाही. त्यामुळे कॅटलॉगमध्ये मॅक्सिमम एसपीएल (डेसिबलमधला जास्तीत जास्त आवाज) किती लिहिलाय ते बघा, त्यावरून हॉलला पुरेल की नाही ते कळतं.

मग मी बाकीचं सामान तपासायला घेतलं. माइक म्हणे शुअर कंपनीचे एसएम ५८. हा माइक १९६६ पासून बाजारात आहे, जगभरचे गायक वापरतात, आणि म्हणूनच त्याच्या डुप्लिकेटही ढिगाने निघतात. अस्सल माइकचं वजन २९८ ग्रॅम, आमचे सोनाराकडे काट्यावर ठेवले तर चारही माइक कमी आणि चौघांची वजनं एकमेकांशीही जुळत नव्हती. दुसरं म्हणजे हा माइक कार्डिऑइड असतो, मागच्या बाजूने आवाज सगळ्यात कमी घेतो, म्हणून तर गायकाचा मॉनिटर (त्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) माइकच्या पाठीशी ठेवतात. आमच्या माइकमध्ये मागून बोललं तरी पुढून बोलल्याइतकंच येत होतं. शिट्टी मारणार नाही तर काय. ही टेस्ट दुकानात एका मिनिटात होते, माइक उलटा धरून बोला.

मिक्सरवर ४८ व्होल्टचं बटण आहे, पेटीसाठी कंडेन्सर माइक लावायचा तर ते फँटम पॉवर, म्हणजे मिक्सरमधून माइकच्या केबलनेच जाणारी वीज, लागतं. बटण दाबून मल्टिमीटर माइकच्या सॉकेटच्या एक आणि दोन नंबरच्या पिनवर लावला, रीडिंग १७-१८ च्या वर जाईना. आणि केबल! कनेक्टर उघडला तर आत दोन वायर आणि वरची जाळी असं हवं, तिथे एकच वायर आणि जाळी, तीन नंबरची पिन एक नंबरला जोडून टाकलेली. म्हणजे बॅलन्स्ड (बाहेरची घरघर रोखणारी) केबल नावालाच, दिव्यांचा घूं आवाज त्यातूनच येत होता. तार ब्लेडने खरवडली तर वर तांब्याचा रंग आणि आत पांढरी, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. पैसे मात्र तांब्याचे घेतलेत.

दुकानात फोन केला तर आधी म्हणाला व्होल्टेज जास्त आलं असेल, मग म्हणाला तुम्हाला चालवता येत नाही, आणि शेवटी काय तर "बिलावर लिहिलंय तेच दिलंय, सेट एक नग." तेव्हा कळलं की बिलात मॉडेल न लिहिणं हा आळस नव्हता, मुद्दाम ठेवलेली पळवाट होती. अनबॉक्सिंगचा व्हिडिओ आहे म्हटलं तर म्हणे त्यात आमच्या दुकानातूनच घेतलं हे कुठे दिसतंय. वॉरंटी कार्डावरचा सिरीयल नंबर कंपनीच्या कस्टमर केअरला मेल केला, त्यांचं उत्तर आलं की असा नंबर आमच्याकडे नाही. तो मेल आता आमच्या हातातला सगळ्यात भक्कम कागद आहे.

आमच्या ग्रुपमधल्या पेटीवाल्या काकांनी, जे आयुष्यभर टॅक्स कन्सल्टंटकडे कामाला होते, बिलावरचा जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकून बघितला. नंबर खरा निघाला पण तो कंपोझिशन स्कीममधला (छोट्या व्यापाऱ्यांनी उलाढालीवर ठरावीक कर भरायची योजना). कंपोझिशनवाल्या दुकानदाराला गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेताच येत नाही, त्याने टॅक्स इनव्हॉइस नाही तर बिल ऑफ सप्लाय द्यायचं असतं. म्हणजे १८ टक्केही आमच्याकडून बेकायदा काढले होते. हे त्याला लेखी कळवल्यावर त्याचा सूर बदलला आणि आठवड्याभरात चाळीस हजार परत आले, वर "आता विषय संपवा" असा निरोप. आम्ही संपवला नाही. आधी ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार केली, तिथे दुकानदाराने उत्तरच दिलं नाही, मग जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकली. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत दाखल करायची असते, वकील नसला तरी चालतं. ज्यांचे पैसे ऑनलाइन अ‍ॅडव्हान्समध्ये गेले आणि माल आलाच नाही त्यांनी मात्र वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करायचा, तिथे जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवायची शक्यता जास्त.

सगळे दुकानदार असे नसतात, हेही लिहायला हवं. आता बदली म्हणून मिरजेतल्या एका जुन्या दुकानातून दोनच माइक घेतले, त्यांनी स्वतःहून खोकं फोडलं, आमच्यासमोर लावून दाखवलं आणि प्रत्येक माइकची मॉडेलसकट वेगळी ओळ बिलावर टाकली. असं करायला त्यांना पाच मिनिटं लागली.

तुमच्यापैकी कुणी गेल्या वर्षभरात असा "सेट १ नग"वाला माल घेतला असेल तर आजच बिल आणि मागच्या पॅनेलचे फोटो काढून ठेवा, सिरीयल नंबर कंपनीला मेलवर विचारा, फोनवर नको. आणि जळलेला स्पीकर रिपेअरला टाकून आतले पार्ट बदलून घेऊ नका. आमचा तसाच उघडा ठेवलाय, आयोगासमोर दाखवायला.