खोक्यावर ‘परिपूर्ण’ लिहिलेला खाऱ्या पाण्याचा संच: सहा महिन्यांच्या वापरानंतर

गोड्या पाण्यातले मासे बरीच वर्षे सांभाळल्यावर खाऱ्या पाण्याकडे वळावे असे मनात होते. पण काच, पंप, हीटर, दिवा हे सगळे वेगवेगळे आणून एकमेकांशी जुळवत बसण्याचा धीर नव्हता, म्हणून पहिल्या टाकीसाठी ७५ लिटरचा तयार संच घेतला. उत्पादकाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण या आकाराचे अनेक संच जवळपास एकाच साच्यातले असतात आणि इथे सांगितलेले गुणदोष त्यांपैकी बहुतेकांना लागू पडावेत. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘परिपूर्ण’ असे छापलेले आहे. यंत्रसामग्रीपुरते ते बऱ्याच अंशी खरे आहे. पाण्यापुरते मात्र नाही, आणि खाऱ्या पाण्याच्या टाकीत नवख्याचे अडते ते पाण्यापाशीच.

आधी चांगले ते सांगतो. काचेच्या कडा नीट घासलेल्या आहेत, सिलिकॉनचे सांधे सरळ आहेत, आणि मागचा कप्पा विचारपूर्वक केलेला आहे: वरच्या खाचांतून पाणी मागे उतरते, स्पंज आणि कार्बन यांतून जाते व शेवटच्या खणातला पंप ते पुन्हा पुढे फेकतो. हीटरही तिथेच दडतो, त्यामुळे समोरून पाहताना एकही तार दिसत नाही. मात्र ७५ लिटर हा आकडा रिकाम्या काचेचा आहे. दगड आणि वाळू घातल्यावर मी १० लिटरच्या बादलीने मोजून पाणी भरले, तेव्हा सहाव्या बादलीतच टाकी भरली. पुढे कोणतेही औषध किंवा पूरक द्रव्य घालताना हिशेब या ६० लिटरांवर करायचा असतो, पुस्तिकेतले सगळे तक्ते मात्र ७५ धरून केलेले आहेत. भरलेल्या टाकीचे वजन शंभर किलोच्या घरात जाते, हेही स्टँड निवडताना ध्यानात ठेवावे. पंपाचा प्रवाह दगडांच्या मागे पोहोचत नाही. तिथे गाळ साचू लागल्यावर मला एक छोटा वेव्हमेकर (पाण्यात प्रवाह निर्माण करणारा पंप) वेगळा बसवावा लागला.

संचातली सर्वांत निरुपयोगी वस्तू म्हणजे हलत्या काट्याचा प्लास्टिकचा हायड्रोमीटर, म्हणजे पाण्याचा खारेपणा मोजण्याचे साधन. समुद्राच्या पाण्याची क्षारता साधारण ३५ ग्रॅम प्रति किलो असते आणि टाकीत विशिष्ट गुरुत्व (शुद्ध पाण्याच्या तुलनेतली घनता) १.०२५ ते १.०२६ च्या आसपास ठेवायचे असते, म्हणजे सगळा खेळ तिसऱ्या दशांश स्थळावर चालतो. पहिल्यांदा मीठ विरघळवून मी मोजले, तेव्हा काटा बरोबर १.०२५ वर थांबला आणि मी खूश झालो. नंतर दिव्याजवळ धरून पाहिले तर काट्याच्या खालच्या बाजूला मोहरीएवढे चार-पाच बुडबुडे चिकटलेले दिसले. बोटाने टिचकी मारताच ते सुटले आणि काटा हळूहळू १.०२२ वर उतरला. एका मित्राकडचा रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वळतो त्यावरून खारेपणा मोजणारे उपकरण) आणून तपासले, तर आकडा १.०२१ निघाला. बुडबुडे काट्याला वर उचलतात, त्यामुळे पाणी आहे त्यापेक्षा खारट दिसते. उलट काही आठवड्यांनी काट्यावर क्षारांचा थर बसला की काटा जड होतो आणि वाचन कमी येते. एकाच उपकरणात दोन्ही दिशांनी चूक होत असेल, तर ती अंदाजाने वजा करण्याची सोयही उरत नाही. तेव्हा रिफ्रॅक्टोमीटर पहिल्या दिवसापासून हवाच. त्याचा शून्य नुसत्या शुद्ध पाण्याने जुळवण्यावर न थांबता ३५ ग्रॅम प्रति किलो क्षारतेच्या प्रमाणित द्रावणाने तपासावे, म्हणजे ज्या आकड्याची आपल्याला गरज आहे तिथेच ते खरे ठरते.

पुस्तिका म्हणते की क्लोरीन काढलेले नळाचे पाणी चालेल. माझा सल्ला याच्या उलट आहे. नळाच्या पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट असू शकतात, आणि नळ्यांतून उतरलेले तांबे थोडे जरी असले तरी कोळंबी व गोगलगायींना ते घातक ठरते. मी आरओ (पडद्यातून गाळणे) आणि डीआय (उरलेले क्षार काढणे) या दोन्ही टप्प्यांतून गेलेले, टीडीएस म्हणजे विरघळलेले घटक शून्य दाखवणारे पाणी वापरतो. पाणी बदलण्यासाठीचे मीठ वेगळ्या बादलीत, पंप चालू ठेवून, पाण्यात मीठ घालत विरघळवावे. मिठावर पाणी ओतले तर काही क्षार पांढरा गाळ होऊन खाली बसतात. दुसरी गोष्ट बाष्पीभवनाची. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते, म्हणून घटलेली पातळी नेहमी गोड्या पाण्याने भरायची असते. माझ्या टाकीतून दिवसाला सुमारे एक लिटर पाणी उडते. चार दिवस बाहेरगावी राहून परतलो तेव्हा विशिष्ट गुरुत्व १.०२५ वरून १.०२७ वर गेलेले होते. एवढ्या छोट्या टाकीला पाणी आपोआप भरणारे साधन चैनीचे नव्हे, गरजेचे आहे, आणि ‘परिपूर्ण’ संचात ते नाही.

माझी खरी तक्रार आहे ती संचातल्या जिवाणूंच्या बाटलीबद्दल. ती ओतल्यावर सातव्या दिवशी मासे सोडावेत असे पुस्तिकेत लिहिले आहे, आणि सातव्या दिवशी पाणी तपासायला लागणारे टेस्ट किट मात्र खोक्यात दिलेले नाही. ते मी वेगळे घेतले म्हणून कळले की सातव्या दिवशी माझ्या टाकीत अमोनिया २ पीपीएम (दशलक्षात दोन भाग) होता. टाकीत मासे नव्हते. चिमूटभर खाद्य कुजवून मीच तो तयार केला होता. जिवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट, आणि दुसऱ्या गटाला जोम धरायला वेळ लागतो. माझ्याकडे एकोणिसाव्या दिवशी नायट्राइट सर्वाधिक होते आणि दोन्ही आकडे शून्यावर यायला चौतिसावा दिवस उजाडला. गोड्या पाण्यात आपण थोडी घाई करून निभावतो, पण खाऱ्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४ असतो आणि त्या पीएचला अमोनियाचा विषारी अंश उदासीन पाण्यापेक्षा कितीतरी पट अधिक असतो. पुस्तिकेवर विसंबलेल्या माणसाचे पहिले मासे आठवड्याभरात मेले, तर तो दोष त्या माणसाचा मानता येणार नाही. त्यानंतर वाळूवर तपकिरी साय धरते, तिच्याबद्दलही पुस्तिका गप्प आहे. ती डायटम या सूक्ष्म शैवालाची असते, नव्या टाकीत नेहमीचीच, आणि बहुधा आपोआप ओसरते.

दिव्याबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. मशरूम आणि झोअँथिडसारखी मऊ प्रवाळे त्याच्याखाली ठीक वाढतात, कठीण सांगाड्याच्या प्रवाळांना तो पुरेल असे वाटत नाही. हीटर २६ अंशांवर लावला की पाणी २७.५ होते, तेव्हा वेगळा थर्मामीटर हवाच. झाकण दिलेले नाही. उडी मारणारे मासे आणायचे असतील तर जाळी आधी बसवावी.

काच, मागचा कप्पा आणि पंप यांसाठी हा संच मी पुन्हा घेईन. हायड्रोमीटर आणि पुस्तिका खोक्यातच ठेवून. खोक्यावरच्या चित्रात मात्र क्लाउनफिशच्या शेजारी एक निळा टँग पोहताना दाखवला आहे. तो मासा पूर्ण वाढल्यावर ३० सेंटिमीटरपर्यंत जातो आणि त्याला काहीशे लिटरची टाकी लागते; या टाकीची मागची-पुढची काचच एकमेकींपासून ४० सेंटिमीटरवर आहे. माझ्याकडे टाकीतच पैदास झालेल्या ओसेलारिस क्लाउनफिशची जोडी आहे. समुद्रात हे मासे ज्याच्या आसऱ्याने राहतात त्या समुद्रफुलाशिवायही ती मजेत असते आणि रात्री वेव्हमेकरच्या मागच्या कोपऱ्यात, काचेला जवळजवळ चिकटून झोपते.