पालकाची जुडी की गरम झऱ्यातले जिवाणू?

प्रथिनाला प्लॅटिनमचे नॅनोकण चिकटवून उजेडात हायड्रोजन काढायचा प्रकल्प घेतला, की आधी ठरवावं लागतं की फोटोसिस्टीम-१, म्हणजे प्रकाशसंश्लेषणात उजेड झेलून इलेक्ट्रॉन पुढे ढकलणारं ते प्रथिन, आणायचं कुठून. बाजारातल्या पालकातून, की थर्मोसायनेकोकॉकस इलाँगेटस या गरम झऱ्यातल्या सायनोबॅक्टेरियातून, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जिवाणूतून? नागपुरात बसून मी दोन्ही केलंय.

प्लॅटिनमच्या बाजूने फारसा फरक पडत नाही. सायट्रेटचं आवरण असलेले कण ऋणभारित असतात. एरवी जिथे फेरेडॉक्सिन (इलेक्ट्रॉन वाहून नेणारं छोटं प्रथिन) येऊन बसतं, त्या धनभारित बाजूला ते जाऊन चिकटतात आणि इलेक्ट्रॉन उचलतात. आर्गॉनने ऑक्सिजन हाकलणं, इलेक्ट्रॉन पुरवायला अॅस्कॉर्बेट (क जीवनसत्त्वाचा क्षार) घालणं, हा खटाटोपही दोन्हीकडे तोच.

पालकाची बाजू तगडी आहे, नाकारणार नाही. कॉटन मार्केटमधून सकाळी दोन जुड्या आणा, देठ काढा, मिक्सरमध्ये थंडगार बफरसोबत फिरवा; दुपारपर्यंत थायलाकॉइड, म्हणजे हे प्रथिन असलेली हरितलवकातली पटलं, हातात. एलियास ग्रीनबॉम या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1985 मध्ये पालकाच्या हरितलवकांवरच प्लॅटिनम बसवून हायड्रोजन काढून दाखवला होता. जिवाणूंचं मात्र सगळंच सावकाश. कल्चर मागवा, वाढायची वाट बघा, मग पेशी फोडताना हात भरून येतात. पहिल्या खेपेला मी तर वैतागून पालकाकडेच परत गेलो होतो.

पण मे महिना आला. उन्हाने करपलेल्या, तुऱ्यावर आलेल्या जुड्या. एकीचं उत्पन्न दुसरीशी जुळेना. तेही चालवून घेतलं असतं. पालकाचं सगळं काम चार अंशांवर करावं लागतं, आणि नवतप्यात, मे अखेरच्या त्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत, दुपारी वीज गेली. शीत सेंट्रिफ्यूज मधेच थांबला, झाकण उघडेना. पाऊण तासाने नळ्या बाहेर काढल्या, तर सकाळचा गर्द हिरवा गाळ मळकट शेवाळी झालेला. आठवडाभरात असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा मी नळी उन्हाकडे धरून नुसता बघत बसलो.

हा जिवाणू मुळात पंचावन्न अंशांच्या आसपास वाढणारा. नागपूरच्या उन्हाळ्याचं त्याला काय अप्रूप! वीज गेली तरी त्याचं प्रथिन तासभर निवांत पडून राहतं. निदान माझ्या नळ्यांचा रंग तरी कधी बदलला नाही. टेनेसी विद्यापीठातल्या गटाने 2010 मध्ये याच जीवाच्या फोटोसिस्टीम-१ वर प्लॅटिनम बसवलं, तेव्हा ती जुळणी 85 दिवसांहून जास्त टिकली होती. माझी इतकी टिकली नाही, पण तो दोष बहुधा माझ्या रबरी बुचांचा.

तुमच्या प्रयोगशाळेला जनरेटर असेल आणि काम डिसेंबर-जानेवारीत उरकणार असेल, तर पालक घ्या, काही बिघडत नाही. विद्यार्थ्यांना एका दिवसात काही दाखवायचं असेल तरीही पालकच बरा. पण वर्षभर तेच तेच आकडे मिळवायचे असतील, तर सुरुवातीचे दोन-तीन आठवडे जिवाणूंवर घालवावेत असं मला आपलं वाटतं.

माझा एक फ्लास्क अजून चालू आहे. थोडं कल्चर हवं असेल तर या, फक्त बर्फाचा डबा आणू नका. थंडी त्याला सोसत नाही.