85 की 110? एकाच फ्रंट विंगवर दोन्ही हौशी

विंगफॉइलिंगही (हातात फुगवलेला पंख धरून फॉइलबोर्ड चालवणं) करायचंय, डाउनविंडही (वाऱ्याच्या दिशेनं, लाटांच्या जोरावर जाणं), पण फ्रंट विंग, म्हणजे बोर्डाखालच्या फॉइलचा पाण्यातला पुढचा पंख, एकच परवडणार. समजा, समोर दोन पंख आहेत आणि दोन्हींचं क्षेत्रफळ 1200 चौरस सेंटिमीटर. रुंदी 85 सेंटिमीटर असेल तर अ‍ॅस्पेक्ट रेशो (रुंदीचा वर्ग भागिले क्षेत्रफळ) 6, 110 असेल तर 10.

खरा फरक ग्लाइडचा, म्हणजे जोर न लावता पुढे सरकत राहण्याचा. हवाईतल्या माऊई बेटावर मालिकोहून काहुलुईपर्यंतच्या सुमारे 15 किलोमीटरांत लांब विंग दोन पंपांत (पायांनी बोर्ड वर-खाली दाबून) पुढची लाट गाठून देते. 85 वर मांड्या भरून येतात. वळताना मात्र उलटं. लांब विंगचं टोक पाण्याबाहेर डोकावलं, की बऱ्याचदा आपणच पाण्यात! वेग पडला तर 85 सावरून घेते. लांब, पातळ पंखाला ताठ कार्बन लागतो, म्हणून खिसाही जास्त हलका होतो.

विंगफॉइलिंगच जास्त, डाउनविंड अधूनमधून? 85. लाटांमागे मैलोन्‌मैल जायचंय? 110.