ओपन अ‍ॅक्सेस जर्नल: एपीसी भरून पदरात नेमकं काय पडतं?

ओपन अ‍ॅक्सेसमध्ये पेपर छापायचा की नाही, ही चर्चा बहुधा तत्त्वावरून सुरू होते आणि बिलाशी येऊन अडकते. इथे तत्त्व बाजूला ठेवून ती एक विकत घ्यायची सेवा आहे असं धरलं आहे. लेखकाने एपीसी, म्हणजे लेख प्रकाशनाचं शुल्क, भरायचं आणि वाचकाने फुकट वाचायचं. मत आधीच सांगतो: वाचकाला लेख मोफत मिळावा एवढाच हेतू असेल, तर बहुतेक वेळा खिशातून पैसे घालायची गरज नसते. पैसे मोजावेत अशा जागाही आहेत, पण कमी.

एपीसीत मिळतं ते असं. प्रकाशकाने मांडणी केलेली अंतिम प्रत पहिल्या दिवसापासून सर्वांना खुली, कॉपीराइट सहसा लेखकाकडे, आणि लेखावर क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे इतरांनी तो कसा वापरावा हे सांगणारा, परवाना. तज्ज्ञांकडून लवकर समीक्षा, जास्त सायटेशन (इतर पेपरांत होणारे उल्लेख) किंवा स्वीकृतीची हमी यात धरलेली नसते. खुल्या लेखांना सायटेशन जास्त मिळतात असं सांगणारे अभ्यास आहेत, तसे त्यावर शंका घेणारेही आहेत. चांगलाच पेपर मुळात खुला केला जातो का, हे वेगळं काढणं अवघड असतं. त्या आशेवर कोणी पैसे भरू नयेत.

दरांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. काही जर्नल शे-दोनशे डॉलरमध्ये भागवतात, तर 'नेचर'ने 2021 पासून हा पर्याय दिला तेव्हा दर 9,500 युरो ठेवला. एवढ्या फरकामागे संपादनाचा खर्च थोडा आणि जर्नलच्या नावाची किंमत जास्त, हे उघड आहे.

सगळ्यांत वाईट सौदा हायब्रिड जर्नलचा. जर्नल वर्गणीवर चालतं, ग्रंथालयं वर्गणी भरतच राहतात, आणि आपला एक लेख खुला करायला आपण वेगळे हजारो डॉलर मोजतो. अशी जर्नल डीओएजेच्या, म्हणजे ओपन अ‍ॅक्सेस जर्नलच्या निर्देशिकेच्या, यादीत घेतलीच जात नाहीत. अपवाद एकच, तो म्हणजे संस्थेचा प्रकाशकाशी 'रीड अँड पब्लिश' करार (वाचन आणि प्रकाशन दोन्हींचे पैसे संस्थाच एकत्र भरते) असेल तर. तेव्हा लेखकाला वेगळं काही भरावं लागत नाही, आणि मग नाकारण्यात अर्थ नाही. मात्र हे करार बारीकसारीक गोष्टींवर फसतात. पात्रता ठरते करसपॉन्डिंग ऑथरवरून, म्हणजे जर्नलशी पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकावरून, पहिल्या लेखकावरून नव्हे. सबमिशनच्या वेळी संस्थेचं नाव यादीतूनच निवडावं आणि संस्थेचा ईमेल द्यावा. जीमेल दिला की यंत्रणा अनेकदा ओळखतच नाही. काही करारांत वर्षाचा कोटा असतो आणि तो वर्षअखेरीला संपलेला असतो. संपादकाला पत्र, पुस्तक परीक्षण असे प्रकार बऱ्याचदा करारात बसत नाहीत. स्वीकृतीनंतर येणाऱ्या फॉर्मवर घाईत 'सबस्क्रिप्शन' निवडलं, तर नंतर ते बदलून घेणं फार जड जातं. पेपर पाठवण्याआधी ग्रंथपालाला एक ईमेल केला, तर यातलं निम्मं टळतं.

सवलतीचंही वेळेवर अवलंबून असतं. बरेच प्रकाशक रिसर्चफॉरलाइफच्या, म्हणजे कमी उत्पन्नाच्या देशांना संशोधन-साहित्य पुरवणाऱ्या उपक्रमाच्या, यादीनुसार 'अ' गटातल्या देशांना पूर्ण माफी आणि 'ब' गटाला निम्मी सवलत देतात, पण ती बहुतेक ठिकाणी पूर्ण ओपन अ‍ॅक्सेस जर्नलपुरती असते. हायब्रिडला लागू असेल असं गृहीत धरू नये. गटाबाहेरच्या लेखकाला अर्ज करून सूट मागता येते. मागणी सबमिशनच्या वेळीच करावी. स्वीकृतीनंतर केलेली मागणी अनेक जर्नल सरळ फेटाळतात, आणि तोवर दुसरीकडे जाण्याची लेखकाची तयारी उरलेली नसते.

डायमंड जर्नलकडे लोक विनाकारण दुर्लक्ष करतात. इथे लेखकाकडूनही पैसे घेत नाहीत आणि वाचकाकडूनही. खर्च विद्यापीठ, विद्वत्सभा किंवा ग्रंथालय उचलतं. डीओएजेत आज 20,000 हून अधिक जर्नल आहेत आणि त्यांतली जवळपास दोन-तृतीयांश एपीसी घेत नाहीत. 'ओपन अ‍ॅक्सेस म्हणजे पैसे भरून छापणं' हा समज निदान जर्नलच्या संख्येपुरता तरी खरा नाही. अडचणी आहेतच. संपादक दिवसाची नोकरी सांभाळून काम करतात, त्यामुळे समीक्षा रेंगाळते. अनेक जर्नल वेब ऑफ सायन्स किंवा स्कोपस या जर्नलच्या सूचींमध्ये नसतात, आणि बढतीचे नियम त्यावर अडून बसले असतील तर प्रश्न तिथेच संपतो. तिसरी अडचण जतनाची, आणि ती कोणी विचारात घेत नाही. 2000 ते 2019 या काळात 176 ओपन अ‍ॅक्सेस जर्नल इंटरनेटवरून पार नाहीशी झाल्याचं एका अभ्यासात दिसलं. म्हणून जर्नलच्या पानावर क्लॉक्स, पोर्टिको किंवा पीकेपी प्रिझर्वेशन नेटवर्क या लेख जपून ठेवणाऱ्या व्यवस्थांपैकी एकीचं नाव आहे का ते पाहावं. जुन्या अंकातल्या दोन-तीन लेखांचे डीओआय, म्हणजे लेखाचे कायमचे ऑनलाइन ओळख क्रमांक, चालवूनही बघावेत. तेच उघडत नसतील, तर आपला लेख तिथे किती दिवस टिकेल हे वेगळं सांगायला नको.

आता फुकटचा मार्ग, म्हणजे ग्रीन. वर्गणीवाल्या चांगल्या जर्नलमध्ये छापायचं आणि स्वीकृत मसुदा रिपॉझिटरीत, म्हणजे लेख खुले ठेवणाऱ्या ऑनलाइन भांडारात, ठेवायचा. स्वीकृत मसुदा म्हणजे समीक्षेनंतरच्या सगळ्या दुरुस्त्या केलेली, पण प्रकाशकाची मांडणी न झालेली आपली फाइल. कोणती प्रत, कुठे आणि किती महिन्यांनी ठेवता येते, हे जर्नलचं नाव घालून जिस्क या ब्रिटिश संस्थेच्या ओपन पॉलिसी फाइंडरवर पाहता येतं. पूर्वीचं शेर्पा रोमिओ ते हेच. थांबण्याचा काळ, म्हणजे एम्बार्गो, साधारण 6 ते 24 महिने असतो, काही ठिकाणी शून्य. जिथे चुका होतात त्या जागा ठरलेल्या आहेत. लोक प्रकाशकाची पीडीएफच चढवतात, ती मग काढून टाकायला लावली जाते. रिसर्चगेटवर टाकलं की काम झालं असं मानतात, पण अनुदान संस्था त्याला रिपॉझिटरी मानत नाहीत. आणि वर्षभराने स्वीकृत मसुदा सापडतच नाही, कारण तो सहलेखकाच्या जुन्या लॅपटॉपवर असतो. स्वीकृतीच्या दिवशीच ती फाइल नाव-तारखेसह बाजूला ठेवावी आणि पहिल्या पानावर जर्नलचं नाव व डीओआय लिहावा. संस्थेची रिपॉझिटरी नसेल तर सर्नचं झेनोडो आहे. तिथे खातं मोफत, डीओआय मिळतो आणि एका नोंदीत 50 जीबीपर्यंत मजकूर मावतो. भौतिकशास्त्र-गणितवाल्यांना हे शिकवायला नको, ते 1991 पासून अर्काइव्ह (arXiv) या रिपॉझिटरीवर प्रीप्रिंट, म्हणजे समीक्षेआधीचे मसुदे, टाकत आले आहेत.

अनुदान असेल तर त्याच्या अटी आधी वाचाव्यात, कारण मग निवड आपल्या हातात राहत नाही. प्लॅन एस या उपक्रमातल्या अनुदान संस्थांची, लेख प्रकाशित होताच खुला करण्याची अट 2021 पासून आहे. अमेरिकेच्या एनआयएचने, म्हणजे वैद्यकीय संशोधनाला अनुदान देणाऱ्या सरकारी संस्थेने, 1 जुलै 2025 पासून स्वीकारल्या गेलेल्या लेखांसाठी 12 महिने थांबण्याची जुनी मुभा काढून टाकली. मसुदा प्रकाशनाच्या दिवशीच पबमेड सेंट्रल या रिपॉझिटरीवर खुला व्हायला हवा. ही अट रिपॉझिटरीतल्या प्रतीने भागते, एपीसी भरायलाच हवी असं नाही. हे सांगताना काही प्रकाशकांची पानं जरा गोलमोल होतात.

परवान्याच्या चौकटीत बहुतेक जण डोळे मिटून टिक करतात. सीसी बाय म्हणजे श्रेय देऊन कोणीही काहीही करावं, व्यापारी वापरसुद्धा. ते नको वाटून लेखक सीसी बाय-एनसी-एनडी घेतात. एनसी म्हणजे व्यापारी वापर नाही, एनडी म्हणजे बदल करून प्रसिद्ध करणं नाही. पण एनडीमुळे लेखाचा अनुवाद परवानगीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही. शिवाय एनसी निवडल्यावर अनेक प्रकाशक वेगळ्या करारात व्यापारी हक्क स्वतःकडे घेतात. म्हणजे इतरांना विकायला बंदी आणि प्रकाशकाला मोकळीक. लेखकाच्या हाती काही येत नाही. करारात 'एक्सक्लुझिव्ह लायसन्स' (हक्क फक्त प्रकाशकालाच) असे शब्द आहेत का, तेवढं पाहावं. लेखात दुसऱ्याची आकृती असेल तर तिची परवानगी वेगळी लागते. आपण सीसी बाय लावल्याने ती खुली होत नाही.

आता फसव्या, म्हणजे पैसे घेऊन नीट समीक्षा न करताच छापणाऱ्या, जर्नलबद्दल. डीओएजेत असणं ही पहिली चाळणी, शेवटची नव्हे. 2013 मध्ये 'सायन्स'ने मुद्दाम चुकांनी भरलेला बनावट पेपर 304 ओपन अ‍ॅक्सेस जर्नलकडे पाठवला, तेव्हा 157 जणांनी तो स्वीकारला. त्यांत डीओएजेच्या यादीतलीही होती. त्यानंतर डीओएजेने निकष कडक केले आणि 2016 मध्ये नव्याने अर्ज न केलेली सुमारे 3,300 जर्नल वगळली. मोठ्या प्रकाशकाचं नावही पुरत नाही. वायली या मोठ्या प्रकाशकाने 2021 मध्ये विकत घेतलेल्या हिंदावी या प्रकाशनसंस्थेला 2023 या एकाच वर्षात 8,000 हून अधिक लेख मागे घ्यावे लागले. पेपर मिलवाले, म्हणजे बनावट पेपर तयार करून विकणारे, पाहुण्या संपादकांच्या विशेषांकांतून आत शिरले होते. म्हणून 'आमच्या विशेषांकासाठी लिहा' असा ईमेल आला, तर त्या जर्नलमध्ये नेहमीच्या अंकांपेक्षा विशेषांक किती आहेत ते आधी मोजावं. इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलच्या लेखांना सरासरी किती सायटेशन मिळतात तो आकडा) सांगितला असेल तर तो काढणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीच्या मास्टर जर्नल लिस्टवर नाव शोधावं. ती यादी मोफत पाहता येते. खऱ्या जर्नलच्या हुबेहूब नकली साइटही असतात, त्यामुळे ईमेलमधल्या लिंकवर न जाता आयएसएसएन (जर्नलचा अधिकृत क्रमांक) पोर्टलवरून जावं. समीक्षा आठवड्याभरात आटोपली आणि दुरुस्ती एकही निघाली नाही, तर खूश होऊ नये. अशा ठिकाणी कॉपीराइटच्या फॉर्मवर सही करण्याआधीच लेखी कळवून पेपर मागे घ्यावा. एकदा तो छापला गेला की दुसरं जर्नल घेत नाही, आणि काही जण मागे घेण्याचेही पैसे मागतात.

बिल खरंच भरायचं ठरलं, तर दराच्या पानावरचा आकडा अंतिम नसतो. कर बहुधा वेगळा लागतो, बँकेचे शुल्क आणि चलनबदल त्याहून वेगळे. बिल कोणाच्या नावाने हवं ते फॉर्म भरतानाच नक्की करावं. लेखकाच्या नावाने निघालेलं बिल संस्थेचं लेखा खातं मान्य करेलच असं नाही, आणि ते बदलून येईपर्यंत काही प्रकाशक लेख ऑनलाइन आणत नाहीत.