नर्सरी: मोठ्या शाळेची की गल्लीतली?

दिवाळीच्या आसपास पुण्यात अडीच-तीन वर्षांचं मूल असलेल्या घरांत एकच चर्चा सुरू होते. दहावीपर्यंतच्या मोठ्या शाळेच्या नर्सरीत घालायचं, की सोसायटीमागच्या बंगल्यात भरणाऱ्या बालवाडीत? वयाची अट तुम्हाला ठाऊक असेलच: प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरपर्यंत 3 पूर्ण. माध्यमाचा वाद इथे नको, तो ज्याच्या त्याच्या घरी मिटतो. किंवा मिटत नाही.

मोठ्या शाळेकडे सगळ्यांत वजनदार मुद्दा पुढच्या जागेचा. नर्सरीतलीच मुलं वर सरकतात, त्यामुळे केजीला किंवा पहिलीला बाहेरच्यांसाठी थोड्याच जागा उरतात. अमुकच शाळा हवी असेल आणि ती नर्सरीपासूनच भरत असेल, तर फार विचार करू नका, फॉर्म भरा. मैदान, वाळूचा हौद, बुटके कमोड हेही तिथे सहसा नीट असतं.

पण त्याआधी व्हॅन शेवटच्या मुलाला किती वाजता घरी सोडते, तेवढं विचारून घ्या. नर्सरी सुटते साडेअकरा-बाराला. शाळा बावधनला आणि घर कर्वेनगरला असेल, तर चांदणी चौक मोकळा मिळाला तरी बाकीच्या मुलांना सोडत सोडत वेळ जातोच. मूल निम्म्या वाटेत पेंगतं. गेटवर ते अंगावर घ्यावं लागतं, बुटाची एक पट्टी सुटलेली, आणि जाग आली की रडारड. वरणभाताला तोंड फिरवतं. दुपारची झोप म्हणाल तर तीही येत नाही, कारण वीस मिनिटांच्या डुलकीने वरवरची गरज भागलेली असते. पाचला किरकिर, सातला सोफ्यावरच झोप, रात्री दहाला टक्क जागं. सकाळी पुन्हा व्हॅन. शाळा कितीही चांगली असो, हे रोजचं आहे. ‘जरा जागं ठेवा’ असं व्हॅनकाकांना सांगून उपयोग नाही. त्यांचं लक्ष रस्त्यावरच हवं. सुटण्याआधी डबा खाल्लेला असला तर जेवणाची चिंता थोडी कमी होते, झोपेचं गणित मात्र बिघडलेलंच राहतं. काही मुलं गाडीत झोपतच नाहीत, हे मान्य. पण आमच्या घरी तराजू बालवाडीकडे झुकला तो या झोपेच्या गणितामुळेच.

शिवाय सुरुवातीचे काही दिवस बऱ्याच शाळा मुलांना तास-दीड तासच ठेवतात आणि तोवर व्हॅन नसते. शाळा लांब असेल तर एका पालकाने बाहेर ताटकळायचं.

जवळच्या बालवाडीत हा प्रश्न नाही: बाराला सुटली, सव्वाबाराला ताटावर. उणिवा आहेत. खोल्या दोन, मैदान म्हणजे पार्किंग, आणि ताई रजेवर गेल्या की सगळा भार मावशींवर. म्हणून पाहायला सुटायच्या वेळी जा. मूल कोणाच्या हाती देतात, हे मावशी खरंच बघतात का? बाथरूमला आतून कडी आहे का? (नसावी.) फाटक थेट रस्त्यावर उघडतं का? चड्डी ओली झाली तर कोण बदलतं? आणि दप्तरात रेघी वही दिसली तर सरळ दुसरी बालवाडी बघा. तिसऱ्या वर्षी बोटं पेन्सिलीला तयार नसतात. कागद फाडणं, मणी ओवणं, कणीक मळणं यानेच ती तयार होतात.

फीची तुलना करताना मोठ्या शाळेच्या आकड्यात व्हॅनचे पैसे धरा, सुट्टीच्या महिन्यांचेही घेतात का ते विचारा, आणि मधेच मूल काढलं तर किती परत मिळतील ते लेखी घ्या.

आईबाबा दोघंही नोकरीला आणि घरी आजी-आजोबा नसतील, तर मात्र पाळणाघर जोडलेली मोठी शाळा बरी पडेल. तिथे मूल जेवून तिथेच झोपतं आणि संध्याकाळी आपणच आणायला जातो. बाकीच्यांनी, चालत दहा मिनिटांत बरी बालवाडी असेल तर, फॉर्म आधी तिथला आणावा.