जुनं प्रीफॅब घर घ्यायचंय? लाकडी किट, स्टील की काँक्रीट

जुनं प्रीफॅब घर, म्हणजे भाग कारखान्यात बनवून जागेवर जोडलेलं घर, विकायला आलंय, किंमतही आवाक्यातली वाटतेय, पण घ्यावं की नको ते कळत नाही, असं झालं असेल तर आधी एक करा, "प्रीफॅब" या एका शब्दात सगळी घरं कोंबू नका. कारखान्यातून सुटे वासे आले होते की तयार भिंती, यावर पुढचं बरंचसं ठरतं, कारण उद्या काही बिघडलं तर दुरुस्ती कोण करणार हा प्रश्न तिथेच सुटतो नाहीतर अडतो.

माझी पहिली पसंती लाकडी किट घराला. अमेरिकेत सीअर्स रोबक कंपनीने १९०८ ते १९४० या काळात कॅटलॉगमधून अशी ७०,००० तरी घरं विकली, लाकूड, खिळे, दारं, खिडक्या असं सगळं रेल्वेने यायचं आणि जागेवर जोडायचं. पुढे पुढे तर लाकूड मापात कापूनच यायचं. अशा एका घराच्या तळघरात मी टॉर्च घेऊन उतरलो होतो तेव्हा एका वाशाच्या टोकाशी छापलेलं अक्षर आणि त्यापुढचे आकडे अजून स्वच्छ वाचता येत होते, हात फिरवून बघितला, लाकूड अगदी खणखणीत. हे घर एकदा उभं राहिलं की साध्या लाकडी घरासारखंच असतं, कुठलाही चांगला सुतार त्याला हात लावू शकतो, आणि हाच त्याचा सगळ्यात मोठा फायदा. फक्त पायावर टेकलेल्या लाकडात स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, सहज रुतला तर ओल किंवा वाळवी धरा आणि मगच किमतीचं बोला. वायरिंग जुनं असेल, रंगात शिसं असेल, तो खर्च वेगळा.

स्टीलचं घर दिसायला एकदम भारी. अमेरिकेतल्याच लस्ट्रॉन कंपनीने १९४८ ते १९५० मध्ये साधारण २,५०० घरं बनवली, भिंतीला २ फुटी चौकोनी पत्रे आणि त्यावर इनॅमलच्या भांड्यांवर असतो तसा काचेसारखा थर. रंग द्यायला नको, वाळवी नाही, ओल्या फडक्याने पुसलं की भिंत चकचकीत. पण आतल्या भिंतीही स्टीलच्याच, त्यामुळे खिळा ठोकता येत नाही, फोटो लोहचुंबकाने लावायचे. मूळ हीटिंग छतातून, म्हणजे डोकं गरम आणि पाय गार अशी तक्रार असते. आणि कंपनी १९५० मध्येच बुडाली, त्यामुळे पत्रा खराब झाला तर तसाच पत्रा दुसरं एखादं लस्ट्रॉन उतरवलं जाईल तेव्हाच मिळणार. जसं आहे तसं ठेवून राहणाऱ्याने खुशाल घ्यावं, भिंती पाडून स्वयंपाकघर मोठं करायचं डोक्यात असेल तर सोडून द्या.

काँक्रीटच्या बाबतीत मात्र मी खूप सावध आहे. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर एअरी पद्धतीची घरं आली, आधी ओतलेले काँक्रीटचे खांब आणि त्यांना बांधलेल्या पातळ काँक्रीटच्या फळ्या. बाहेरून मजबूत वाटतं, पण वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये मुरतो, आतल्या लोखंडाचं संरक्षण जातं, ते गंजतं, गंज फुगतो आणि खांबाला उभी चीर पडते. ही चीर भिंतीच्या आत दडलेली असते, ताजा रंग मारलेल्या घरात तर काहीच दिसत नाही. अशा घरांसाठी तिथे १९८४ मध्ये खास कायदा करावा लागला, आणि आजही नीट दुरुस्ती झाल्याचं सर्टिफिकेट नसेल तर कर्ज मिळायला फार त्रास होतो. म्हणजे तुम्ही रोख दिलेत तरी पुढे विकताना तुमचा गिऱ्हाईक अडकणार.

ब्रिटनमध्ये त्याच काळातली तात्पुरती प्रीफॅब घरंही आहेत, १,५६,००० च्या वर बांधली होती, १०-१५ वर्षंच टिकावीत या हिशोबाने, काही मात्र कितीतरी जास्त टिकली. त्यातल्या बऱ्याच घरांत ॲस्बेस्टॉसचे पत्रे आहेत, त्याची धूळ फुप्फुसांना घातक, म्हणून तपासणी होईपर्यंत तिथे ड्रिल लावू नका, पत्रा तोडू नका.

काँक्रीटचंच घर आवडलं असेल तर बयाणा द्यायच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला घेऊन जा आणि निदान दोन-तीन खांब उघडून बघायची परवानगी मागा, मालक तयार नसेल तर मी तरी तिथून निघेन.